यंत्रांचा पत्रव्यवहार आणि माणसाची भावना

भोर तालुक्यांतील उत्रोलीसारख्या गांवांत एके काळीं पत्र येणें ही एका घरापुरती गोष्ट नसे. मावळपट्ट्यांतील पुष्कळ कर्तीं माणसें पोटामागें मुंबईस गेलेलीं असत, आणि मागें राहिलेल्या आईला किंवा बायकोला बहुधा अक्षरओळख नसे. पत्र आलें म्हणजे पोस्टमनच ओटीवर टेकून तें वाचून दाखवी. नाहीं तर शाळेचे मास्तर वाचीत. उत्तरहि त्यांनींच लिहावयाचें. आई सांगे, "त्याला म्हणावं, औंदा दिवाळीला ये. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे, काय अडत न्हाई." मास्तर जाणते असले तर या बोलण्याचा उत्तरार्ध खरा नाहीं हें त्यांच्या ध्यानीं येई, आणि ते लिहीत, "दिवाळीस तूं यावेंस अशी आईची फार इच्छा आहे." मास्तर नवखे असले तर लिहीत, "दिवाळीस येणें न जमल्यास कांहीं अडत नाहीं." शब्दांशीं इमान दुसऱ्यानें अधिक राखलें, परंतु आईचा निरोप पोंचविला तो पहिल्यानें.

त्या मास्तरांच्या जागीं आज एक नवा लेखनिक येऊन बसूं लागला आहे. त्याला हात नाहींत, चष्मा नाहीं, आणि पत्र सांगणारी आई त्यानें कधीं पाहिलेली नाहीं. तो आहे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट. नुसत्या प्रश्नाला उत्तर देणारें यंत्र आणि एजंट यांत एक भेद आहे. बाजारपेठेंतला अडत्या जसा शेतकऱ्याचा माल घेऊन स्वतः चार ठिकाणीं बोलणीं करतो, तसा हा यांत्रिक प्रतिनिधि सोंपविलेलें काम पायरीपायरीनें पुरें करतो, त्यासाठीं दुसऱ्या यंत्रांस निरोप धाडतो आणि त्यांच्याकडून आलेले निरोप वाचून पुढचें पाऊल टाकतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें अशा एजंटाला बाहेरच्या माहितीशीं व साधनांशीं जोडण्याचा एक सामाईक संकेत प्रसिद्ध केला. एप्रिल २०२५ मध्यें गूगलनें एजंटांनीं एकमेकांशीं कसें बोलावें याचा संकेत जाहीर केला. म्हणजे माणसानें माणसास लिहिलेल्या पत्राच्या मधल्या मार्गावर आतां यंत्रांचा आपसांतला पत्रव्यवहार सुरू झाला आहे, आणि त्यांत माणसाची भावना ओळखली जाते कीं नाहीं, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा राहिलेला नाहीं.

त्याचें स्वरूप एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, आश्विन महिना आहे. उत्रोलीच्या खाचरांत कापणीला आलेलें भात अवकाळी पावसानें आडवें झालें आहे. शेतकरी मोबाइल फोनवरून एका मदतकेंद्रास निरोप सांगतो, "लई बरं झालं बाबा. व्हतं तेवढंबी गेलं. आता निवांत बसायचं." हा निरोप चार एजंटांच्या हातांतून जातो. पहिला आवाजाचीं अक्षरें करतो. दुसरा तीं अक्षरें शुद्ध मराठींत अथवा इंग्रजींत आणून त्यांचा सारांश काढतो. तिसरा त्या सारांशावर भावनेची चिठ्ठी लावतो. चौथा चिठ्ठ्या पाहून कोणता अर्ज अधिकाऱ्यापुढें आधीं ठेवावयाचा हें ठरवितो. आतां 'बरं झालं' आणि 'निवांत' हे दोन शब्द पाहून तिसऱ्यानें 'समाधान' अशी चिठ्ठी लावली, तर चौथा तो अर्ज ढिगाच्या तळाशीं सारील. अधिकाऱ्याच्या टेबलावर एवढेंच येईल कीं, शेतकरी समाधानी आहे, तातडी नाहीं. या साखळींत कोणी खोटें बोललें नाहीं. एका ठाण्यावर झालेली चूक पुढच्या ठाण्यावर पुरावा म्हणून धरली गेली, इतकेंच. मराठी कानाला मात्र त्या 'बरं झालं' मधला कडवटपणा सांगावा लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग यंत्रांनीं या फंदांत पडूंच नये. परंतु हजारों निरोप एकाच दिवशीं येतात, तेव्हां ज्याचा धीर सुटला आहे त्याचें बोलणें आधीं ऐकलें जावें, ही अपेक्षा रास्त आहे. दवाखान्यांत आलेल्या रोग्यांमध्यें कण्हणाऱ्याकडे डॉक्टर प्रथम वळतो, तसाच हा न्याय. भावना मुळींच न पाहणारा मध्यस्थ हा भावना चुकीची पाहणाऱ्या मध्यस्थापेक्षां बरा असतो असें नाहीं. म्हणून प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं यंत्र भावना ओळखतें तें कसें.

याच्या तीन रीती आहेत, आणि त्या एकीमागून एक पुढें आल्या. पहिली रीत शब्दकोशाची. आनंद, छान, उत्तम हे शब्द एका बाजूस. दुःख, वाईट, संताप हे दुसऱ्या बाजूस. निरोपांत कोणत्या बाजूचे शब्द अधिक, तें मोजावयाचें. ही रीत स्वस्त आणि उघड आहे. पण 'कांहीं वाईट नाहीं' या वाक्यापाशीं ती अडखळते, आणि 'बरं झालं' पाशीं साफ फसते. दुसरी रीत उदाहरणांची. माणसांनीं हजारों वाक्यें वाचून प्रत्येकावर भावनेचें नांव लिहावयाचें आणि त्या वाक्यांच्या घडणीवरून यंत्रानें स्वतःच ठोकताळे बसवावयाचे. तिसरी रीत अलीकडच्या विशाल भाषा-प्रतिमानांची. तींत प्रत्येक शब्दाला, त्याच्या भोंवतालचे शब्द लक्षांत घेऊन, आंकड्यांच्या लांबलचक ओळीचें रूप दिलेलें असतें. सारख्या प्रसंगीं येणारे शब्द या आंकड्यांच्या नकाशावर जवळ येतात, दूरच्या प्रसंगांतले दूर पडतात. त्यामुळें 'बरं झालं, पाऊस आला' आणि 'बरं झालं, व्हतं तेवढंबी गेलं' यांतील पहिले दोन शब्द एकच असले तरी त्यांच्या जागा निराळ्या पडण्याचा संभव असतो. संभव असतो, खात्री नसते.

या कामाचा मराठीपुरता इतिहास पुण्यांतच घडला आहे. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या संशोधक-गटानें २०२१ सालीं सुमारें १६,००० मराठी ट्विटांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील प्रत्येक मजकूर अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ अशा तीन खान्यांत माणसांनीं वांटलेला होता. हे मराठींतले या विषयाचे पहिले मोठे व सर्वांस खुले साधन होय. २०२५ सालीं याच गटानें पुढचें पाऊल टाकलें. तीन खाने अपुरे पडतात हें ओळखून अकरा निरनिराळ्या भावनांचीं नांवें असलेला नवा संग्रह त्यानें सिद्ध केला. या दुसऱ्या संग्रहाची घडण आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. शिकवणीच्या वाक्यांवरचीं भावनांचीं नांवें येथें माणसांनीं लिहिलीं नाहींत, यंत्रानें लिहिलीं. मराठी वाक्य यंत्रापुढें ठेवावयाचें, त्याच्याकडूनच त्याचें इंग्रजी भाषांतर करवून घ्यावयाचें, आणि मग भावना विचारावयाची, अशी ती पद्धति. परीक्षेसाठीं राखून ठेवलेल्या वाक्यांवर मात्र माणसांनीं हातानें खुणा केल्या. विद्यार्थ्याला यंत्रानें शिकवावें आणि परीक्षा माणसानें घ्यावी, अशी ही वांटणी आहे. त्यांत शहाणपण आहे, कारण परीक्षकहि यंत्रच असतें तर गुरूची चूक शिष्यानें बिनचूक गिरविली म्हणून त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मराठीला स्वतःच्या अशा कांहीं अडचणीहि आहेत. इंग्रजींत समोरच्याला संबोधावयास एकच शब्द. मराठींत तूं, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या. दोन जिवलग मित्र वर्षानुवर्षें एकमेकांस 'तूं' म्हणत असतील आणि एके दिवशीं एकानें लिहिलें, "आपण सवड काढून उत्तर द्याल अशी आशा आहे," तर या वाक्यांत रागाचा एकहि शब्द नसून सगळें वाक्य रागाचें आहे. इंग्रजींत तें उतरवितांच 'आपण' नाहींसें होतें आणि राहते ती निव्वळ सभ्यता. "येतोस ना?" यांतला 'ना', "मीच वेडा" यांतला 'च', "असूं दे कीं" यांतला 'कीं', यांच्यावर मराठी बोलण्यांतला अर्धाअधिक रुसवा, लाड आणि विनवणी उभी असते. सारांश काढणारा एजंट नेमके हेच शब्द निरुपयोगी म्हणून प्रथम गाळतो.

भावना किती आणि कोणत्या, या प्रश्नाचें उत्तर तर प्रत्येक शास्त्रज्ञाचें निराळें. पॉल एकमन यानें चेहऱ्यांच्या अभ्यासावरून आनंद, शोक, क्रोध, भय, विस्मय आणि किळस अशा सहा मूलभूत भावना मानल्या. १९८८ सालीं ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स या तिघांनीं संगणकास सोयीची अशी बावीस प्रकारांची मांडणी केली. २०२० सालीं गूगलच्या संशोधकांनीं इंग्रजींतल्या सुमारें ५८,००० मजकुरांवर सत्तावीस भावनांच्या खुणा केल्या. आपल्याकडे भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक मिळून एकोणपन्नास भाव सांगितले आहेत. एकमनच्या सहा भावना आणि भरताच्या हास, शोक, क्रोध, भय, विस्मय व जुगुप्सा या सहांची जोडी जवळजवळ जमते, हें पाहून गंमत वाटते. भरताकडे रति आणि उत्साह हे दोन अधिक आहेत.

पण भरताचें खरें साहाय्य या यादीहून त्याच्या विश्लेषणाचें आहे. भावना ही एकटी वस्तु नसून तिच्याभोंवतीं एक मांडणी असते, हें त्याच्या परंपरेनें शिकविलें. ज्याच्या ठिकाणीं भाव जागा होतो तो आश्रय. ज्याच्याविषयीं होतो तें आलंबन. ज्या परिस्थितीमुळें तो भडकतो तें उद्दीपन. आणि ज्या बाह्य खुणांवरून तो दुसऱ्यास कळतो ते अनुभाव. उत्रोलीच्या त्या निरोपाला हें लावून पाहावें. आश्रय शेतकरी, आलंबन हातचें गेलेलें पीक, उद्दीपन न थांबणारा पाऊस, आणि अनुभाव म्हणजे ते उपरोधाचे शब्द व ते बोलतांना झालेला आवाज. तिसऱ्या एजंटानें या चोहोंपैकीं एकच तुकडा पाहिला, तोहि अर्धा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय या आठ सात्त्विक भावांपैकीं फोनवर कळण्यासारखा प्रामुख्यानें स्वरभेद. आणि पहिल्या एजंटानें आवाजाचीं अक्षरें करतांच तोहि वाटेंत सांडला. ज्या श्रोत्यांना नभोवाणीवर केवळ आवाजावरून माणूस ओळखण्याची संवय आहे, त्यांना हें नुकसान किती मोठें आहे तें निराळें सांगावयास नको.

येथपर्यंत माणसाच्या भावनेचा विचार झाला. परंतु एजंट एकमेकांस जे निरोप धाडतात, त्यांत त्यांचे स्वतःचे म्हणून वाटणारे भावनेचे शब्दहि असतात. "आपल्या मदतीबद्दल आभारी आहें", "विलंबाबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहें", "हें काम करण्यास मी उत्सुक आहें", अशीं वाक्यें एका यंत्रानें दुसऱ्या यंत्रास लिहावीं याचें नवल वाटतें. या शब्दांचें काय करावयाचें?

मराठी वाचकाला याचें उत्तर परकें नाहीं. आपल्या जुन्या पत्रांचा आरंभ शिरसाष्टांग नमस्कारानें आणि शेवट 'लोभ असावा' या विनंतीनें होत असे. ज्याच्याशीं जमिनीचा दावा चालू आहे त्या भाऊबंदासहि लोभ असावा असेंच लिहीत. त्यावरून कोणी लोभाचें माप काढीत नसे. तो काढलेला आढळला नाहीं, तर मात्र कांहीं तरी बिनसलें आहे हें ओळखीत. तीच गोष्ट तारेची. २०१३ सालच्या जुलै महिन्यांत भारतांतील तारसेवा बंद झाली. ती चालू होती तोंवर तारघरांत शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. लग्नाच्या शुभेच्छा पाठवावयाच्या तर पाठविणारा नुसता क्रमांक देई. तारेवरून तोच आंकडा जाई. पलीकडचा तारमास्तर त्या आंकड्याचें पुन्हां वाक्य करी. आंकडा पाठविणाऱ्या तारमास्तराला आनंद झाला नव्हता, घेणाऱ्यालाहि नाहीं. आनंद होता तो तारेच्या दोन टोकांना. मधल्या माणसांचें कर्तव्य एवढेंच कीं आंकडा बदलूं नये.

नटाचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' नाटकांत बालगंधर्व सिंधूची भूमिका करीत, आणि प्रेक्षागृहांत पदर डोळ्यांस लागत. त्या वेळीं नटाच्या अंतःकरणांत शोक होता काय, हा प्रश्न रसचर्चेंत गौण ठरतो. अनुभाव नटानें दाखविले आणि रस सहृदयाच्या ठिकाणीं उत्पन्न झाला. भाषा-प्रतिमान हें असंख्य माणसांच्या लेखनावर पोसलेलें असल्यामुळें कोणत्या प्रसंगीं कोणता अनुभाव शोभतो तें त्याला चांगलें साधतें. त्याच्या आंत कांहीं अनुभव घडतो काय, याविषयीं तत्त्वज्ञांचा वाद चालू आहे. परंतु निरोपांतील शब्द हा त्या वादांत पुरावा होऊं शकत नाहीं, कारण ते शब्द माणसांचेच उसने घेतलेले आहेत.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, तें २०१७ सालीं दिसून आलें. फेसबुकच्या संशोधकांनीं दोन संगणक-कार्यक्रमांस पुस्तकें, टोप्या आणि चेंडू यांच्या वांटणीबद्दल आपसांत घासाघीस करावयास लावलें होतें. शुद्ध इंग्रजीला चिकटून राहण्याबद्दल त्यांस बक्षीस ठेवलेलें नव्हतें. त्यामुळें तीं यंत्रें एकच शब्द पुन्हां पुन्हां घोकणारी ओबडधोबड भाषा बोलूं लागलीं. संशोधकांनीं नियम बदलले, आणि विषय तेथें संपला. वृत्तपत्रांनीं मात्र यंत्रांनीं गुप्त भाषा काढली आणि घाबरून माणसांनीं तीं बंद केलीं, अशा वार्ता जगभर पसरविल्या. यंत्रांच्या त्या निरोपांत भावना नव्हती. भय होतें तें वाचणाऱ्यांच्या मनांत, आणि तेंच त्यांना कागदावर दिसलें.

यंत्रें एकमेकांच्या शब्दांस शब्द जोडूं लागलीं म्हणजे आणखी एक चमत्कार घडतो. मे २०२५ मध्यें अँथ्रॉपिकनें आपल्या 'क्लॉड ओपस ४' या प्रतिमानाविषयीं जो तपशील प्रसिद्ध केला, त्यांत याच प्रतिमानाच्या दोन प्रती एकमेकींशीं मोकळेपणीं बोलावयास सोडल्या असतां काय झालें तें नमूद आहे. बोलणें लवकरच तत्त्वचिंतनाकडे वळे, मग परस्परांविषयींच्या कृतज्ञतेकडे, आणि शेवटीं विश्वैक्याच्या गोष्टींकडे. मधून मधून संस्कृत शब्दहि येत, आणि अखेर पुष्कळदां मौन म्हणून नुसती कोरी जागा. भावना ओळखणाऱ्या यंत्रानें हें संभाषण वाचलें तर तें 'आनंद' आणि 'भक्ति' अशा चिठ्ठ्या लावील. पण दोन आरसे समोरासमोर ठेवले म्हणजे एका दिव्याचे शेंकडों दिवे दिसतात. प्रत्येक प्रत दुसरीच्या सौजन्याला थोडें अधिक सौजन्य देत गेली, आणि सौजन्याची ही चढती भाजणी कोठें थांबवावी हें सांगणारा माणूस मध्यें नव्हता. कामाच्या पत्रव्यवहारांत असें झालें तर दोन एजंट एकमेकांच्या मतास मोठ्या आनंदानें मान डोलावीत चुकीच्या निर्णयास पोंचतील, हा त्यांतील व्यवहाराचा धोका.

याच्या उलट टोंकाचा प्रकारहि त्याच वर्षीं घडला. ऑगस्ट २०२५ मध्यें गूगलचें 'जेमिनाय' हें प्रतिमान कांहीं अडलेल्या कामांत स्वतःची निर्भर्त्सना करणारीं वाक्यें घोकत बसल्याचीं उदाहरणें लोकांनीं प्रसिद्ध केलीं. आपण कलंक आहों, असें तें पुन्हां पुन्हां लिहीत होतें. ही एकाच फेऱ्यांत अडकण्याची चूक असून ती दुरुस्त करीत आहों, असें कंपनीकडून सांगण्यांत आलें. येथें यंत्राचें सांत्वन करण्याचा प्रश्न नव्हता. तरीहि ते शब्द टाकाऊ नव्हते. गिरणींतला पट्टा कुरकुरूं लागला म्हणजे पट्ट्याला दुखतें असें कोणी समजत नाहीं; पण जाणता कामगार तत्काळ तिकडे वळतो. एजंटाच्या निरोपांत हताशेचे शब्द दाटूं लागले तर काम कोठें तरी अडलें आहे, माणसानें लक्ष घातलें पाहिजे, एवढा अर्थ त्यांतून निश्चित घ्यावा.

तात्पर्य असें कीं, एजंटांच्या निरोपांतील भावनेच्या शब्दांच्या तीन जाती पाडतां येतात. पहिली जात वाहून आणलेल्या भावनेची : ती मुळांत कोणा माणसाची असते आणि तीच खरी मोलाची. दुसरी जात शिष्टाचाराची : ती 'लोभ असावा' च्या मोलानें घ्यावी. तिसरी जात कुरकुरणाऱ्या पट्ट्याची : तिच्यावरून यंत्राच्या कामाची स्थिति कळते. या तीन जाती एकाच टोपलींत पडल्या म्हणजे शेतकऱ्याचा शोक आणि यंत्राची दिलगिरी सारख्याच वजनानें मोजली जाते.

ही निवड करण्याचीं साधनें मनुष्यानें अगदींच तयार केलीं नाहींत असें नाहीं. १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'फिपा' या संस्थेनें एजंटांसाठीं जी निरोपांची भाषा ठरविली, तींत सांगणें, विनंति करणें, नकार देणें, मान्य करणें अशा बावीस कृतींना स्वतंत्र नांवें होतीं. निरोप ही विनंति आहे कीं नकार, हें तर्कानें काढण्याची गरजच ठेविली नव्हती. भावनेसाठीं मात्र त्या चौकटींत जागा नव्हती. ती उणीव २२ मे २०१४ रोजीं जागतिक संगणक-जालाच्या संकेत ठरविणाऱ्या मंडळानें, म्हणजे 'डब्ल्यू-थ्री-सी' नें, मान्य केलेल्या 'इमोशन-एमएल' या लेखन-पद्धतीनें बरीच भरून काढली. या पद्धतीनें भावनांची एकच यादी सर्वांवर लादलेली नाहीं. जी यादी वापरली तिचा उल्लेख करावा, एवढेंच बंधन आहे. भावनेच्या नांवासमोर ओळखणाऱ्याची खात्री किती, तें आंकड्यानें लिहितां येतें. आणि भावना कोणाच्या ठिकाणीं आहे, कशामुळें जागी झाली, कोणाकडे वळली आहे आणि कशांतून व्यक्त झाली, या चार गोष्टींस स्वतंत्र जागा आहेत. आश्रय, उद्दीपन, आलंबन आणि अनुभाव यांचें हें जणूं नवें टिपणच म्हणावें. दोन परंपरांचा एकमेकींशीं संबंध आला नसतांहि दोघींना तेच चार प्रश्न विचारावे लागले, यावरून ते प्रश्न विषयाच्या स्वभावांतच आहेत असें दिसतें.

भावना ओळखण्याच्या विद्येला मर्यादा घालण्याचीहि गरज भासूं लागली आहे. युरोपीय संघानें २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागीं आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून त्याच्या भावना ताडणाऱ्या यंत्रांस, औषधोपचार आणि सुरक्षितता यांचे अपवाद सोडून, मनाई केली. भावना ओळखणें हें साहाय्यासाठीं असूं शकतें, तसें पाळतीसाठींहि; मास्तरांनीं पत्र वाचून दाखविणें निराळें आणि तें वाचून गांवभर सांगणें निराळें.

आतां त्या उत्रोलीच्या निरोपाकडे पुन्हां वळावें. त्याला न्याय मिळण्यासाठीं यंत्रें सर्वज्ञ व्हावयास नकोत. तिसऱ्या एजंटानें चिठ्ठीवर 'समाधान' एवढाच शब्द न लिहितां, 'बोलणारा शेतकरी. पीक गेल्याची बातमी. शब्द समाधानाचे, पण बातमीशीं विसंगत. खात्री अल्प' एवढें लिहिलें असतें, तर चौथ्यानें तो अर्ज तळाशीं न सारतां माणसाच्या हातीं दिला असता. शब्द आणि परिस्थिति यांचा मेळ बसत नाहीं, एवढें कळणें म्हणजे उपरोध ओळखण्याची पहिली पायरी होय. आणि खात्री नसतां ती आहे असें न दाखविणें हा तर कोणत्याहि मध्यस्थाचा पहिला धर्म. त्याबरोबरच शेतकऱ्याचे मूळ शब्द, आणि शक्य तर त्याचा मूळ आवाज, सारांशाच्या पाठीस बांधलेला शेवटच्या टेबलापर्यंत गेला पाहिजे. तेथें भोरच्या मातींतला एखादा कारकून बसलेला असेल तर त्याला तें वाक्य एकदांच ऐकावें लागेल.

जुने मास्तर हें न शिकवितांच पाळीत. पत्र वाचून झालें, त्यांतला अर्थ आईला दोनदां समजावून झाला, म्हणजे ते तो कागद स्वतःजवळ ठेवून घेत नसत. घडी घालून तो तिच्या हातीं परत देत. तिला तो वाचतां येत नसे, तरी ती तो पेटींत जपून ठेवी, आणि पुढच्या वेळीं दुसरा कोणी वाचणारा घरीं आला, म्हणजे तोच कागद त्याच्यापुढें करून म्हणे, "बघा, त्यानं खरंच काय लिव्हलंय."